एका दिवसाची मुंबई

मराठी घरांत ‘मुंबईला जाणे’ आणि ‘मुंबईला जाऊन येणे’ हे दोन निराळे वाक्प्रयोग आहेत. मुंबईला जाणारा माणूस नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा एखाद्या दुर्धर आजाराच्या उपचारासाठी जातो. त्याच्याबरोबर वळकटी असते आणि मागे राहणाऱ्यांच्या मनात काळजी असते. मुंबईला जाऊन येणारा मात्र पहाटे उठून निघतो आणि रात्रीच्या जेवणाला आपल्या घरी असतो. त्याच्या हातातील पिशव्या जाताना रिकाम्या असतात, येताना भरलेल्या. पुण्याच्या, नाशिकच्या आणि घाटावरच्या कितीतरी कुटुंबांत वर्षातून एकदा-दोनदा घडणारी ही एका दिवसाची यात्रा म्हणजे एक लहानसा उत्सवच असे. आणि आजही ती अगदीच बंद पडलेली नाही.

या यात्रेचे घरात सांगावयाचे कारण खरेदी हेच असते. लग्नाचा बस्ता बांधावयाचा असतो, दिवाळीचे कापड घ्यावयाचे असते, नव्या घरासाठी दिवे पाहावयाचे असतात, किंवा गावात न मिळणारा एखाद्या यंत्राचा सुटा भाग शोधावयाचा असतो. परंतु घरातील वडीलधाऱ्यांपैकी एखाद्याच्या मनात आणखी एक कारण दडलेले असते, आणि ते तो चारचौघांत बोलून दाखवीत नाही. त्याला जुनी गाणी हवी असतात. ती आता खिशातल्या फोनवर घरबसल्या ऐकता येतात, हे त्याला ठाऊक असते. तरीही ज्या तबकडीवरून ते गाणे प्रथम घरात आले, तशी तबकडी एकदा हातात घ्यावी, तिच्यावरची नावे वाचावीत, असे त्याला वाटत राहते. बाजार आणि गाणे यांचा हा संबंध वरवर पाहता विचित्र दिसतो. पण मुंबईच्या लोकप्रिय संगीताचा इतिहास पाहिला म्हणजे ध्यानात येते की, ते संगीत या शहराच्या बाजाराबरोबरच वाढले, आणि त्याच्या उरल्यासुरल्या खुणाही आता बाजारातच सापडतात.

पुण्याच्या प्रवाशाला हा एक दिवस मिळवून दिला तो डेक्कन क्वीनने. १ जून १९३० रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने ही गाडी सुरू केली. मुंबईच्या धनिकांना घोड्यांच्या शर्यतींसाठी पुण्यास येणे सोयीचे व्हावे, हा तिचा मूळ हेतू. प्रारंभी ती आठवड्याच्या अखेरीसच धावे आणि तिला पहिला व दुसरा एवढेच वर्ग होते. तिसऱ्या वर्गाचे डबे तिला १९५५ साली जोडले गेले. काळाने मात्र तिचा रोख उलटा केला. शर्यतींसाठी पुण्याकडे धावणारी ही राणी पुणेकरांना सकाळी मुंबईस पोहोचवणारी आणि संध्याकाळी घरी आणणारी विश्वासू गाडी झाली. सकाळी सव्वासातच्या सुमारास ती पुणे सोडते आणि १९२ किलोमीटरचे अंतर तोडून साडेदहाच्या आत मुंबईस येते. परतीला सायंकाळी पाच वाजून गेल्यावर निघते. तिच्यातील खानपानाच्या डब्यात टेबलाशी बसून न्याहारी करता करता खंडाळ्याचा घाट उतरणे, हे कित्येकांना मुंबईतल्या खरेदीइतकेच प्रिय आहे. मनमाड-नाशिककडच्या लोकांसाठी अशीच सोय १९७५ मध्ये पंचवटी एक्सप्रेसने केली.

गाडी ज्या स्थानकात येऊन थांबते, त्याचे नाव प्रवाशांच्या तीन पिढ्या तीन प्रकारांनी घेतात. आजोबा बोरीबंदर म्हणतात, मुलगा व्ही. टी. म्हणतो, आणि नातवाच्या तिकिटावर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस असे असते. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने उभारलेली ही वास्तू २००४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली. परंतु एका दिवसासाठी आलेल्या माणसाला मान वर करून घुमट पाहण्यास सवड नसते. त्याच्याजवळ सहा-साडेसहा तास असतात आणि यादी लांब असते.

स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर क्रॉफर्ड मार्केट आहे. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांचे नाव घेऊन १८६९ मध्ये उभी राहिलेली ही मंडई आता महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्या दर्शनी भागावरील दगडी शिल्पपट्ट लॉकवुड किपलिंग यांनी घडविले. तिच्या पलीकडे जो प्रदेश सुरू होतो, तो नकाशावर लहान आणि पायांना फार मोठा आहे. मंगळदास मार्केटात कापड, मुळजी जेठा मार्केटात कापडाचा घाऊक व्यापार, शेख मेमन स्ट्रीटवर झवेरी बाजार, अब्दुल रहमान स्ट्रीटवर कागद, वह्या आणि खेळणी, प्रिन्सेस स्ट्रीटकडे औषधे आणि रसायने. लोहार चाळीच्या नावात लोहार उरले आहेत. विकली जातात ती विजेची बटणे, तारा आणि दिवे. जुन्या मुंबईच्या बाजाराचा नियम असा की एका जिनसाला एक गल्ली. परगावच्या गिऱ्हाइकाला हा नियम फार सोयीचा पडतो. एका दुकानात भाव पटला नाही तर शेजारच्या दुकानात तोच माल असतो, आणि शेजारचा दुकानदार पहिल्याचा भाव ओळखूनच बोलतो. जिच्या हाती पैसे असतात ती घरातील गृहिणी या गल्लीत बारा दुकाने फिरते आणि पहिल्याच दुकानात परत येते. हिशेबाने पाहिले तर तिचा वेळ गेला. पण तिला बाजारभाव कळला, आणि पुढचे वर्षभर शेजारणींना सांगण्याइतके ज्ञान मिळाले.

दुपारी पिशव्या जड होतात आणि पाय धोबीतलावाकडे वळतात. जेथे एके काळी धोबी कपडे धूत त्या तळ्याचे आता नाव तेवढे उरले आहे. कोपऱ्यावरच्या इराण्याच्या हॉटेलात चहा आणि मस्का-पाव घेऊन माणूस जरा टेकतो. जुन्या गाण्याच्या वेडाने आलेल्या माणसाने या ठिकाणी थोडे अधिक थांबावे, अशी ही जागा आहे. कारण ज्या हिंदी चित्रपटगीतांनी सारा देश भारून टाकला, त्यांचे कितीतरी वादक याच भागात राहत होते. गोव्याच्या एकेका गावाने मुंबईत आपल्या माणसांसाठी सामायिक बिऱ्हाडे केली होती. त्यांना कोंकणीत ‘कूड’ म्हणतात. बोटीवर नोकरी मिळेपर्यंत खलाशी तेथे राहत, हॉटेलात काम मिळेपर्यंत आचारी राहत आणि वाद्यवृंदात जागा मिळेपर्यंत वादक राहत. गोव्याच्या गावागावांतील चर्चच्या शाळांत त्यांना लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलिपी वाचावयास शिकविलेली असे. हा गुण मुंबईच्या चित्रसृष्टीला अत्यंत मोलाचा ठरला. आपले संगीतकार चाल मनात बांधीत आणि पेटीवर गाऊन दाखवीत. पन्नास वादकांनी ती एकाच वेळी, एकाच शिस्तीत वाजवावयाची तर ती कोणीतरी कागदावर उतरविणे भाग होते. हे काम गोमंतकीयांनी केले.

१९५१ सालचा ‘अलबेला’ हा चित्रपट या मिलाफाचे उत्तम उदाहरण होय. त्याचे निर्माते, दिग्दर्शक आणि नायक भगवान हे मुंबईच्या गिरणगावात वाढलेले मराठी गृहस्थ. संगीत दिले ते नगर जिल्ह्यातील पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकर यांनी, म्हणजेच सी. रामचंद्र यांनी. आणि त्या संगीतातील ट्रम्पेट ज्यांची, ते चिक चॉकलेट म्हणजे गोव्यातील हळदोणे गावचे अँटोनियो झेवियर वाझ. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्यांचा जाझ वाद्यवृंद वाजत असे, आणि ‘अलबेला’च्या पडद्यावर तो आपल्या साजासह प्रत्यक्ष दिसतो. ज्या गाण्यांवर नागपूरपासून बेळगावपर्यंत लोकांनी ठेका धरला, ती गाणी अशी एका मराठी पेटीच्या आणि एका गोमंतकीय ट्रम्पेटच्या भेटीतून निघाली. या भेटीला मुंबईखेरीज दुसरे गाव सापडणे कठीण होते. ज्या शहरात सर्व प्रांतांचा माल येऊन पडतो, त्या शहरात सर्व प्रांतांचे सूरही येऊन पडतात.

परंतु आजोबा जी तबकडी हातात घेऊन मोठ्या प्रेमाने वाचतात, तिच्यावर या वादकांची नावे सापडत नाहीत. तेथे चित्रपटाचे नाव असते, संगीतकाराचे असते आणि गायकाचे असते. चाली कागदावर उतरवून त्यांत व्हायोलिनचे, चेलोचे, सॅक्सोफोनचे रंग भरणाऱ्या अरेंजरला त्या चिमुकल्या कागदी वर्तुळात जागा नव्हती. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांना भरदार वाद्यमेळ देणारे सेबॅस्टियन डिसोझा, किंवा माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस ही नावे सामान्य श्रोत्याने क्वचितच ऐकली होती. गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईत पाश्चात्त्य वाद्यवृंद आणि भारतीय राग यांचा मेळ घालण्याचा धाडसी प्रयोग केला होता. त्यांचे नाव देशभर झाले ते एका निराळ्याच वाटेने. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील एका विनोदी गाण्यात गुरूचे नाव गुंफले. लाखो लोकांनी ते नाव हसत हसत गुणगुणले. ते एका जिवंत माणसाचे, एका गुरूचे नाव आहे, हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक होते.

गायकांनाही हा मान प्रारंभापासून मिळाला असे नाही. १९४९ मध्ये ‘महल’ चित्रपटाची तबकडी निघाली, तेव्हा तिच्यावर गायिकेच्या जागी पडद्यावरील पात्राचे, ‘कामिनी’ असे नाव छापलेले होते. गाणे आकाशवाणीवरून वाजू लागले आणि हा आवाज कोणाचा, अशी श्रोत्यांनी विचारणा सुरू केली. तेव्हा लता मंगेशकर हे नाव लोकांपुढे आले, असे सांगितले जाते. ही हकीकत विचार करण्याजोगी आहे. नाव मिळाले ते श्रोत्यांनी विचारले म्हणून. ज्यांच्याविषयी कोणी विचारले नाही, ते निनावीच राहिले.

धोबीतलावाहून गिरगावच्या रस्त्याने उत्तरेकडे निघाले म्हणजे आणखी एक जागा लागते. येथील मॅजेस्टिक चित्रगृहात १४ मार्च १९३१ रोजी ‘आलमआरा’ हा आपल्या देशातील पहिला बोलपट झळकला. त्यात सात गाणी होती, आणि भारतीय चित्रपटाला गाण्याचे जे वेड लागले ते तेथपासूनच. आज ते चित्रगृह नाही. त्याचे नाव धारण करणारे दुकानांचे संकुल आहे. चित्रपटाची एकही प्रत शिल्लक असल्याचे आढळलेले नाही. आणि त्या गाण्यांच्या तबकड्या तेव्हा निघाल्याच नव्हत्या, म्हणून तो पहिला सूरही कायमचा हरवला. त्यानंतरच्या कित्येक चित्रपटांच्या फिती जळाल्या, कुजल्या, रुप्याच्या लोभाने वितळविल्या गेल्या. तथापि त्यांची गाणी तबकड्यांवर उतरली होती म्हणून आज ऐकू येतात. चित्र गेले आणि सूर मागे राहिला. जुन्या बाजारात धूळ खात पडलेल्या त्या काळ्या चकत्यांचे मोल येथे कळते.

त्या चकत्या शोधावयाच्या तर भेंडीबाजाराच्या शेजारी, मटण स्ट्रीटवरच्या चोरबाजारात जावे लागते. मूळ नाव ‘शोरबाजार’ होते आणि इंग्रजांच्या जिभेने त्याचा चोरबाजार केला, अशी एक आख्यायिका आहे. दुकानदारांना ही व्युत्पत्ती अर्थातच अधिक पसंत पडते. शुक्रवारी येथील दुकाने बंद असतात, हे परगावच्या माणसाने आधीच ध्यानात ठेवलेले बरे. गेल्या काही वर्षांत या भागातील जुन्या इमारती पाडून नव्या उंच इमारती उभ्या राहू लागल्या आहेत. तरीही पितळी दिवे, थांबलेली घड्याळे, सिनेमाची रंगीत भित्तिपत्रके आणि मोडक्या खुर्च्या यांच्या गर्दीत अजूनही एखाद्या कोपऱ्यात तबकड्यांची चवड दिसते, आणि तिच्यासमोर एखादा पांढऱ्या केसांचा गृहस्थ पायांवर बसून एकेक तबकडी निरखीत असतो.

मिनिटाला ७८ फेरे घेणारी ही तबकडी म्हणजे लाखेची वस्तू. आपल्या देशातील जंगलांत लाखेचे किडे झाडांच्या फांद्यांवर जी राळ सोडतात, तिच्यापासून चपडालाख होते. तिच्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून, तापवून, साच्यात दाबली की तबकडी तयार होई. साऱ्या जगाच्या तबकड्यांना लागणारी लाख मुख्यतः भारतातून जाई. कोलकात्यात ग्रामोफोन कंपनीने १९०८ मध्ये कारखाना काढला आणि देशातील गाणी देशातच छापली जाऊ लागली. मुंबईतही ‘यंग इंडिया’सारख्या छापाच्या तबकड्या निघाल्या. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन मिनिटांच्या आसपास गाणे मावे. ही मर्यादा म्हटली तर जाच होती. रात्रभर गाणाऱ्या गवयाला आपला राग तीन मिनिटांत आटोपावा लागला. पण याच मर्यादेतून मराठी भावगीताचा बांधीव घाट साकारला. तीन कडवी, मोजका वाद्यमेळ आणि एकच भाव. गोविंदराव जोशी, गजाननराव वाटवे यांच्या पिढीने या तीन मिनिटांत जे बसविले, ते मराठी घरांत पन्नास वर्षे पुरले. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील मराठी कुटुंबांकडे तर मातृभाषेची चालती-बोलती सोबत म्हणून या तबकड्या जपलेल्या असत. टपालाने किंवा ओळखीच्या माणसाच्या हाती, पेंढ्यात गुंडाळून त्या येत, आणि वाटेत एखादी फुटली तर घरात सुतक पडल्यासारखे वाटे.

जाणकार मनुष्य तबकडी विकत घेताना ती उजेडासमोर तिरपी धरतो, म्हणजे बारीक तडा चमकतो. मग तो तिच्या कडेवर नखाने हलकेच टिचकी मारतो; अभंग तबकडीचा नाद स्वच्छ येतो, तडकलेलीचा बद्द. शेवटी तो मधल्या कागदाशेजारी कोरलेला क्रमांक पाहतो. नवखा मनुष्य मात्र शेजारच्या पितळी कर्ण्याच्या ग्रामोफोनला भुलतो. त्यांतील कितीतरी यंत्रे अलीकडेच जोडून, जुनी दिसावीत म्हणून मळविलेली असतात. आठवणींना गिऱ्हाईक आहे हे कळले की बाजार आठवणीही तयार करून देतो.

तबकडी विकत घेणे ज्यांना परवडत नसे, अशा बहुसंख्य घरांत गाणे आले ते रेडिओवरून. आणि येथे आकाशवाणीच्या इतिहासातील एक प्रकरण आठवल्यावाचून राहत नाही. १९५२ मध्ये केंद्रीय मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरील चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. शास्त्रीय संगीताला घराघरांत पोहोचवावे हा त्यांचा हेतू प्रामाणिक होता, आणि संगीताच्या अखिल भारतीय कार्यक्रमाने ते कार्य मोठ्या प्रमाणात साधलेही. परंतु श्रोत्यांनी सुई फिरवून सिलोन लावले. डिसेंबर १९५२ मध्ये तेथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानी यांचा आवाज मुंबईत मुद्रित होई आणि तेथून कोलंबोला जाऊन लघुलहरींवरून पुन्हा साऱ्या भारतात उतरे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि चित्रपटगीत स्वगृही परतले. दरम्यान १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या ‘गीतरामायणा’ची छप्पन्न गीते आठवड्याला एक याप्रमाणे प्रक्षेपित झाली. सोपे गाणे उथळच असले पाहिजे असे नाही, आणि लोकप्रिय गाणे हिणकसच असले पाहिजे असेही नाही, हा धडा त्या वर्षात वेगळा सांगावा लागला नाही.

त्या ऐकण्यात एक गोष्ट होती, जी आज फार दुर्मीळ झाली आहे. ते ऐकणे एकट्याचे नव्हते. चाळीत एका खोलीतील रेडिओ चार खोल्यांना पुरे. इराण्याच्या हॉटेलात एका चहाबरोबर अनोळखी माणसे तेच गाणे ऐकत आणि संपल्यावर उठत. काळाघोड्याजवळच्या ऱ्हिदम हाउस या दुकानात तबकडी विकत घेण्यापूर्वी ऐकून पाहण्याची सोय होती. कोणी भीमसेन ऐकावयास येई, कोणी पाश्चात्त्य सिंफनी, कोणी नवे इंग्रजी गाणे. आणि एकाची आवड शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्याच्या कानी पडे. १९४० च्या दशकापासून चाललेले हे दुकान २०१६ च्या फेब्रुवारीत बंद झाले. कॅसेट, कॉम्पॅक्ट डिस्क आणि त्यामागून आलेले अदृश्य संगीत यांपुढे दुकान टिकवणे अवघड होऊन बसले होते. त्या दिवशी अनेकांनी हळहळ व्यक्त केली. पण त्यांतील बरेचजण तेथे कित्येक वर्षांत काही विकत घेण्यास गेले नव्हते, हेही तितकेच खरे.

याच फोर्ट विभागात एच. एम. व्ही. कंपनीचे ध्वनिमुद्रणगृह होते, आणि तेथे जानेवारी १९६८ मध्ये बीटल्स वाद्यवृंदातील जॉर्ज हॅरिसन येऊन गेला. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया यांच्यासारख्या तेव्हाच्या तरुण वादकांना घेऊन त्याने एका चित्रपटाचे संगीत मुद्रित केले, आणि त्याच बैठकांत वाजविलेली वाद्यसंगत पुढे बीटल्सच्या एका गाण्यात जगभर ऐकली गेली. विलायतेत ७८ फेऱ्यांची तबकडी नाहीशी झाल्यावरही भारतात ती निघत राहिली, कारण येथील घराघरांत किल्लीचे ग्रामोफोन होते. त्यामुळे बीटल्सची काही गाणी लाखेच्या तबकडीवर आपल्या देशात छापली गेली, आणि परदेशचे संग्राहक त्या तबकड्यांच्या शोधात असतात. आपल्या अडगळीत दुसऱ्याचा खजिना असतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण चोरबाजारातही मिळणार नाही.

पाच वाजत येतात. स्थानकाकडे पावले वळतात. गाडी कर्जतला थांबते, मागून जोर लावणारी इंजिने जोडली जातात, बटाटेवड्याचा वास डब्यात शिरतो, आणि घाट चढता चढता पिशव्यांची मोजदाद होते. कापड कोणाला, दिवे कोठे, सारे ठरलेले असते. कागदात गुंडाळलेल्या त्या दोन-तीन तबकड्यांचे काय करावयाचे, हे मात्र ठरलेले नसते. घरी ग्रामोफोन असतोच असे नाही. बहुधा त्या कपाटात जातात. आणि येथेच या हौसेची खरी कसोटी लागते. कपाटात ठेवलेली तबकडी ही खरेदी झाली. ती वाजली, तिचे मुद्रण झाले, तिच्यावरचा मजकूर टिपून ठेवला गेला, म्हणजे ती ठेव होते. मुंबईत १९९० मध्ये हौशी संग्राहकांनी एकत्र येऊन जुन्या भारतीय तबकड्यांच्या अभ्यासासाठी एक संस्था स्थापन केली. तिच्या सभासदांनी पदरमोड करून तबकड्या जमविल्या, त्यांच्या सूच्या केल्या, विस्मृतीत गेलेल्या गायकांची चरित्रे शोधून लिहिली. सरकारी दप्तरांनी न केलेले काम असे रविवारच्या सुट्टीत, बाजाराच्या फुटपाथवर बसून माणसांनी केले.

जुन्या गाण्यांची ओढ अनेकदा केवळ स्वतःच्या तारुण्याची ओढ असते. त्यात वाईट काही नाही. पण ती तेथेच थांबली तर नव्या पिढीला तिच्याशी काही कर्तव्य उरत नाही. नातवाला आजोबांचे तारुण्य नको असते. त्याला कुतूहल असते, आणि त्या कुतूहलाला खाद्य देणे आजोबांच्या हाती आहे. हे गाणे कोणी लिहिले, चाल कोणी बांधली, मध्येच उसळणारी ती ट्रम्पेट कोणाची, तो माणूस कोणत्या गावाहून आला आणि धोबीतलावाच्या कोणत्या खोलीत राहिला, असे प्रश्न एका घरात विचारले जाऊ लागले, तर त्या घराने मुंबईहून आणलेल्या साऱ्या मालात तोच सर्वांत टिकाऊ ठरेल. कापड विरते, दिवे जातात, लाखेची तबकडी हातातून सुटली तर तिचे तुकडे होतात. ‘महल’च्या वेळी श्रोत्यांनी विचारले, म्हणून एक नाव वाचले. तसे विचारणारे श्रोते अजून आहेत तोवर, कागदी वर्तुळात ज्यांना जागा मिळाली नाही त्यांतील आणखी काही नावे वाचतील.